वायल रिकामी नसते : रिकॉम्बिनंट पीडी-१ पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

"ताई, ही वायल रिकामी आलीय. परत पाठवायची का?"

दर पावसाळ्यात हे मला एकदा तरी ऐकायला मिळतं. जून-जुलैत आमच्या रबाळे-महापे पट्ट्यातल्या प्रयोगशाळांमध्ये नवी मुलं रुजू होतात. कुणी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडतं, कुणी दिघागावला चढतं, कुणी पनवेलकडून उलट्या दिशेने येतं. एम.एस्सी. झालेलं असतं, एलायझाच्या (प्लेटवर रंगाने प्रोटीन मोजायच्या चाचणीच्या) पायऱ्या तोंडपाठ असतात, आणि हातात कुणीतरी बोटाच्या पेराएवढी काचेची वायल ठेवतं. तिची किंमत कित्येकदा त्यांच्या पहिल्या पगाराहून जास्त असते. उजेडात धरून बघितलं तर तळाशी धूळ बसल्यासारखा एक पांढुरका पापुद्रा. कधी तोही दिसत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट: वायल रिकामी नाही. शंभर मायक्रोग्रॅम म्हणजे मिठाचे जेमतेम दोन दाणे. तेवढं प्रोटीन गोठवून सुकवलं की डोळ्यांना दिसेलच असं नाही. मात्र लेबलवरचा १०० हा आकडा वजनाचा आहे. त्या वजनातले किती रेणू नीट घडी राखून आहेत, जे पकडायचं ते पकडू शकतात, हे लेबल सांगत नाही. ती संख्या कारखान्यातून निघाल्यापासून फक्त कमीच होत जाते. आपण नेमके कुठे कुठे रेणू गमावतो, ते कळावं म्हणून हा लेख. उदाहरणाला रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवून घेतलेलं, पीडी-१ घेतलंय, कारण सध्या इथे ते सगळ्यात जास्त हाताळलं जातं. पद्धत मात्र बहुतेक रिसेप्टर प्रोटीनना लागू पडते.

आधी ओळख करून घ्या

पीडी-१ (प्रोग्राम्ड डेथ-१) हा टी-पेशींच्या, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, पृष्ठभागावरचा रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारं प्रोटीन. १९९२ साली क्योटो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या गटाला त्याचं जनुक सापडलं. पेशींच्या मरणाशी त्याचा संबंध असावा असं तेव्हा वाटलं, म्हणून नावात 'डेथ' आलं. पुढे लक्षात आलं की हा टी-पेशीचा ब्रेक आहे. समोरच्या पेशीवर पीडी-एल१ किंवा पीडी-एल२ हे त्याचं जोडीदार प्रोटीन असेल तर पीडी-१ त्याला धरतो आणि टी-पेशी मवाळ होते. कर्करोगाच्या पेशी याचाच फायदा घेतात. हा ब्रेक दाबू न देणाऱ्या अँटिबॉडी म्हणजे निव्होलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब. दोन्हींना अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली, आणि २०१८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल होंजो आणि जेम्स ॲलिसन यांना विभागून दिलं गेलं.

आपल्याकडचा धागा सांगायचा तर टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या प्रगत कर्करोगात दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब देऊन चाचणी केली. नेहमीचा डोस त्याच्या दहापटीहून मोठा असतो. तोंडी केमोच्या जोडीला हा छोटा डोस दिलेल्या रुग्णांत वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण सुमारे ४३ टक्के निघालं, नुसत्या तोंडी केमोवर ते १६ टक्के होतं. औषध परवडत नाही म्हणून सुचलेली ही चाचणी जगभर वाचली गेली. त्याच टाटाचं संशोधन केंद्र, ॲक्ट्रेक, आपल्या खारघरला आहे. अशा अँटिबॉडी बनवायच्या, तपासायच्या, त्यांचे बायोसिमिलर (नंतर बनवलेली तशीच औषधं) मूळ औषधाशी ताडून बघायचे, तर ज्याला ती अँटिबॉडी चिकटते तो रिसेप्टर टेबलावर हवाच. तोच त्या वायलीत असतो.

पूर्ण रिसेप्टर मात्र नसतो. माणसाचा पीडी-१ हा २८८ अमिनो आम्लांचा. सुरुवातीची वीस-चोवीस पेशीतून बाहेर पडताना कापली जातात, साधारण १७० पर्यंतचा भाग पेशीच्या बाहेर असतो, पुढचा पडद्यात आणि आत. वायलीत येतो तो फक्त बाहेर डोकावणारा भाग आणि त्याच्या शेपटाला जोडलेला टॅग, म्हणजे पकडायला सोयीचा जोडतुकडा. पेशीला संदेश देणारा आतला भाग यात नाहीच. त्यामुळे "पेशींवर पीडी-१ टाकलं म्हणजे टी-पेशी शांत होतील" असं समजून कुणी प्रयोग मांडत असेल तर त्याला थांबवा. मोकळं पीडी-१ जाऊन समोरच्या पीडी-एल१ वर बसतं आणि खऱ्या पीडी-१ ची जागा अडवतं. परिणाम उलटा होऊ शकतो.

मागवण्याआधी

कॅटलॉगमध्ये 'ह्यूमन पीडी-१' म्हणून दहा प्रकार दिसतात. स्वस्तातला निवडून मोकळं व्हायचा मोह होतो. थांबा, आधी हे बघा.

कोणत्या पेशीत बनवलंय? हेक-२९३ म्हणजे मानवी पेशी. त्यात बनलेल्या प्रोटीनवर साखरेच्या साखळ्या मानवी पद्धतीने चढतात. पीडी-१ च्या बाहेरच्या भागावर अशा चार जागा आहेत. ई. कोलाय या जिवाणूत बनवलं तर साखर शून्य, आणि प्रोटीन बहुधा गुठळ्यांमधून सोडवून पुन्हा घडी घातलेलं असतं. साखर नसली तर काय बिघडतं? पेम्ब्रोलिझुमॅबसारख्या अँटिबॉडीचं फारसं अडत नाही. पण कॅमरेलिझुमॅब नावाची एक अँटिबॉडी ५८ क्रमांकाच्या जागेवरची साखर धरूनच नीट बसते. तिची चाचणी ई. कोलायच्या पीडी-१ वर लावली तर दोष अँटिबॉडीचा वाटेल आणि आठवडा वाया जाईल.

टॅग कोणता? हिस-टॅग म्हणजे सहा ते दहा हिस्टिडिनचं छोटं शेपूट. एफसी-टॅग म्हणजे अँटिबॉडीचं अख्खं बुड. एफसी एकमेकांशी जोडी जमवतात, म्हणून एफसीवालं पीडी-१ नेहमी दुहेरी असतं, एका रेणूला दोन हात. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. प्लेटवर तो काय करतो ते पुढे माझ्याच फजितीतून सांगते.

कॅरियर आहे की नाही? पातळ द्रावणात प्रोटीन टिकावं म्हणून काही पुरवठादार त्यात बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) घालतात, कधीकधी एका मायक्रोग्रॅममागे पन्नास मायक्रोग्रॅम. पेशींवर वापरायला हे बरं. पण प्लेट कोट करायची, म्हणजे तिच्यावर प्रोटीनचा थर बसवायचा असेल तर पन्नास पट गर्दी बीएसएची, आणि जागा अडवणार तीच. बायोटिन (खूण म्हणून जोडायचा छोटा रेणू) लावायचं असेल तर तेही बीएसएलाच लागेल. कोटिंगसाठी आणि लेबलिंगसाठी कॅरियर-फ्रीच घ्या.

पेशींवर वापरणार असाल तर एंडोटॉक्सिनचा (जिवाणूंच्या आवरणातल्या विषाचा) आकडाही पाहा. एका मायक्रोग्रॅमला १ ईयूपेक्षा (एंडोटॉक्सिन युनिट) कमी असं बहुतेक ठिकाणी छापलेलं असतं. मोनोसाइट या पांढऱ्या पेशी असलेल्या कल्चरमध्ये तेवढंही काही वेळा त्रास देतं, म्हणून त्या लॉटचा प्रत्यक्ष आकडा मागून घ्या. नुसत्या एलायझासाठी याची चिंता नको.

आणि बफर. ट्रिस असेल तर अमाइनला जोडणारी कुठलीही रसायनं वाया जातात. अझाइड पेशी मारतो आणि एलायझात रंग आणणाऱ्या एचआरपी या एंझाइमलाही नडतो. डेटाशीटच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत हे लिहिलेलं असतं आणि तेच कुणी वाचत नाही.

डबा येतो तेव्हा

आयात माल बहुधा सहारच्या कार्गोतून कस्टम्स होऊन येतो. ऑर्डर देताना कॅलेंडर समोर ठेवा. गणपतीच्या आठवड्यात, दिवाळीत, किंवा शुक्रवारी संध्याकाळी पोचेल असं काही मागवू नका. एकदा आमचा डबा शनिवारी दुपारी गेटवर आला. वॉचमनने प्रेमाने आपल्या केबिनमध्ये सावलीत ठेवला. सोमवारी उघडला तर जेल पॅकचं कोमट पाणी झालेलं.

सुकवलेलं प्रोटीन असं दोन दिवस काढू शकतं. कित्येक कंपन्या ते साध्या तापमानालाच पाठवतात. द्रव प्रोटीन सुक्या बर्फावर आलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून डबा उघडला की आधी फोटो काढा: बर्फ शिल्लक आहे का, जेल पॅक कडक आहे का, वायलवरचा लॉट नंबर आणि कागदावरचा लॉट नंबर एकच आहे का. तक्रार करायची वेळ आलीच तर हा फोटोच कामाला येतो. मग रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, सही, आणि वायल कागदावर सांगितलेल्या तापमानाला. आज वापरायचं नसेल तर उगाच पाणी घालू नका. सुकं असेपर्यंत ते सगळ्यात सुरक्षित असतं.

उघडणं आणि पाणी घालणं

वायल फ्रीझरमधून काढून लगेच उघडू नका. जुलैत आमच्या पट्ट्यात हवेत इतका ओलावा असतो की फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की दोन मिनिटांत घामाघूम होते. वायलीचंही तेच होतं. थंड वायल उघडली की हवेतली वाफ आत पावडरीवर जाऊन बसते, आणि प्रोटीन ओलं ना सुकं अशा अवस्थेत राहतं. अर्धा तास रॅकमध्ये ठेवा, बाहेरून पुसा, मग पुढे.

उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये छोटा स्पिन द्या, वीस-तीस सेकंद पुरे. प्रवासात पापुद्रा सुटून झाकणाला चिकटलेला असतो. झाकण काढलंत की तोही त्याच्याबरोबर जातो. शंभरातले तीस मायक्रोग्रॅम झाकणासकट कचऱ्यात गेलेले मी पाहिलेत. गेले हे महिन्याभराने कळलं, सगळे आलेख तीस टक्के खाली बसले तेव्हा.

एक मुलगा होता, हुशार होता, त्याने विचारलं, "ताई, सगळी नको, अर्धी पावडर वजन करून घेऊ का?" नाही. कधीच नाही. ही पावडर तोलायची नसते. आत प्रोटीनच्या कित्येक पट मीठ आणि ट्रेहॅलोज ही साखर असते. पूर्ण वायल एकदाच विरघळवायची.

कशात विरघळवायची? इथे बहुतेकांचा पाय घसरतो. डेटाशीटवर 'पीबीएसमधून लायोफिलाइज केलं', म्हणजे पीबीएस या मिठाच्या बफरमधून गोठवून सुकवलं, असं असेल तर मीठ आधीच आत आहे. सुकताना पाणी गेलं, मीठ मागे राहिलं. जेवढं पाणी गेलं तेवढं निर्जंतुक पाणी परत दिलं की मूळ पीबीएस तयार. त्यात पुन्हा पीबीएस घातलं तर मीठ दुप्पट. काही उत्पादनांत उलट असतं, पीबीएसच घाला असं सांगितलेलं असतं. आपली अक्कल चालवू नका, त्या लॉटच्या कागदावर आहे ते करा. पाणीही सिंकवरच्या आरओचं नको. इंजेक्शनसाठीचं किंवा ०.२ मायक्रॉनमधून गाळलेलं.

किती घालायचं, याला एक खालची मर्यादा असते, बहुधा मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम. त्याहून पातळ केलं तर प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटून जाणारा वाटा मोठा होतो. मी १०० मायक्रोग्रॅमच्या वायलीत ५०० मायक्रोलिटर घालते, म्हणजे मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम. हाच आकडा का, ते पुढच्या टप्प्यात कळेल.

टिप आतल्या भिंतीला टेकवून पाणी हळू सोडा, कड ओली करत. झाकण लावा. वीस मिनिटं तशीच ठेवा. मग वायल दोन तळव्यांत धरून हळूहळू फिरवा, लोणच्याची बरणी कलती करून तेल सगळीकडे पोचवतो तशी. व्हॉर्टेक्स नको. पिपेटने वर-खाली करून फेस आणणंही नको. बुडबुड्याच्या पृष्ठभागावर प्रोटीनची घडी उलगडते आणि उलगडलेली घडी पुन्हा बसत नाही. फेस आला तर मी त्या दिवशीचं काम त्या वायलीवर करतच नाही, आणि हे मुलांना अति वाटतं.

वाटे पाडणं

विरघळवलेलं प्रोटीन तसंच वायलीत उणे २० ला ठेवून रोज काढून वापरायचं, ही सवय कुठून येते कोण जाणे. दर वेळी गोठणं-वितळणं म्हणजे थोडे रेणू कायमचे गेले. म्हणून पहिल्याच दिवशी वाटे.

माझा हिशेब असा. एका ९६-वेलच्या प्लेटला वेलमागे १०० मायक्रोलिटर कोटिंग लागतं, सांडमांड धरून १० मिलिलिटर. कोटिंग मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम. म्हणजे प्लेटला २० मायक्रोग्रॅम प्रोटीन, आणि आपल्या २०० च्या द्रावणातून ते बरोबर १०० मायक्रोलिटर होतं. एक नळी, एक प्लेट. सकाळी नळी काढायची, सगळी वापरायची, उरलं तर टाकायचं. ५०० मधून चार नळ्या १०० च्या, आणि उरलेल्या शंभरातून वीस-वीसच्या चार-पाच छोट्या, तपासणीसाठी आणि पुढच्या लॉटशी तुलनेसाठी. पाच प्लेटी काढायच्या हावेने छोट्या नळ्या वगळू नका.

नळ्या लो-बाइंड पॉलिप्रोपिलीनच्या. दहा मायक्रोलिटरपेक्षा लहान वाटा करू नका, इतक्या थोड्या द्रवाला भिंतच जास्त मिळते. लेबल फ्रीझरचं, साध्या कागदाचं नको. ते उणे ८० ला गळून पडतं आणि मग चाळीस अनामिक नळ्यांसमोर उभं राहायची वेळ येते. नाव, लॉट, तीव्रता, तारीख, आद्याक्षरं. झाकणावर फक्त क्रमांक.

ठेवायचं उणे ८० ला. उणे २० चालत असेल तर तो फ्रीझर फ्रॉस्ट-फ्री नसावा. फ्रॉस्ट-फ्री यंत्र बर्फ जमू नये म्हणून अधूनमधून स्वतःला गरम करतं, घरच्या फ्रीजसारखं. तुम्ही नळी बाहेर काढली नाहीत तरी तिने चार हेलकावे खाल्लेले असतात. शक्य असेल तर वाटे दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये विभागा. देखभालीसाठी वीज बंद आणि जनरेटर सुरू व्हायला उशीर, हा योग पावसाळ्यात जुळतोच.

आधी तपासा, मग वापरा

एक छोटी नळी जेलवर चालवा, म्हणजे विजेने वजनानुसार वेगळी करून बघा. नवी मुलं इथे दचकतात. हिस-टॅगवाल्या पीडी-१ चं हिशेबी वजन साधारण १७ किलोडाल्टन, आणि जेलवर पट्टा दिसतो ३० ते ४० च्या मध्ये, तोही पसरट, ब्रशने ओढल्यासारखा. चुकीचं प्रोटीन आलं म्हणून ईमेल लिहायला बसू नका. हा साखरेचा खेळ. प्रत्येक रेणूवर साखर सारखी नसते, म्हणून पट्टा रेखीव येत नाही. शंका असेल तर पीएनगेज एफ हे एंझाइम लावा. साखर कापली गेली की पट्टा खाली येऊन हिशेबी वजनाजवळ गोळा होतो. पंधरवड्याला जेल चालवणाऱ्यालाही हे एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.

यातूनच एक हिशेबाची चूक निघते. नॅनोमोलरमध्ये तीव्रता काढताना कोणतं वजन घ्यायचं? प्रोटीन मोजलं गेलंय ते २८० नॅनोमीटरच्या शोषणावरून, आणि तिथे साखर दिसत नाही. म्हणजे मायक्रोग्रॅम फक्त अमिनो आम्लांचे आहेत. भागाकारही त्याच हिशेबी वजनाने करा. मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम म्हणजे १७ किलोडाल्टनने सुमारे ५९ नॅनोमोलर. जेलवरचे ३५ धरलेत तर २९. निम्म्याचा फरक. हा फरक रिपोर्टमध्ये गेला की वरचे लोक प्रश्न विचारतात आणि उत्तर देताना जीभ अडखळते.

पहिली प्लेट

आता ती फजिती. मी नवी असताना, दुसऱ्या एका प्रयोगशाळेत, पहिली बाइंडिंग एलायझा लावली. कोटिंग पीडी-१ चं, वरून पेम्ब्रोलिझुमॅब तीन-तीन पट पातळ करत आणलेलं, त्यावर मानवी एफसीला पकडणारी एचआरपीवाली सेकंडरी (दुसरी अँटिबॉडी), मग टीएमबी हे रंग देणारं रसायन. टीएमबी घातल्यावर निळा रंग चढायला पाच-सात मिनिटं लागतात, असं सांगितलं होतं. माझ्या प्लेटवर अर्ध्या मिनिटात सगळी प्लेट निळीशार. पहिली ओळ, शेवटची ओळ, आणि ज्यात अँटिबॉडी घातलीच नव्हती ते कोरे वेलही. आम्ल घातलं, सगळं हळदीसारखं पिवळं. रीडरवर प्रत्येक वेल मर्यादेच्या वर. मी धुण्याला दोष दिला, ब्लॉकिंगला दिला, प्लेट आणखी दोनदा लावली. पुन्हा पिवळी.

तिसऱ्या दिवशी सिनियर मॅडमनी वायल मागितली, फिरवून लेबल वाचलं, आणि एवढंच म्हणाल्या, "एफसी." कोटिंगमध्येच मानवी एफसी होतं. सेकंडरीला अँटिबॉडीची गरजच नव्हती, ती सरळ कोटिंगला जाऊन चिकटत होती. साठ मायक्रोग्रॅम प्रोटीन तीन प्लेटींत गेलं, एका शब्दासाठी.

एफसीवालंच प्रोटीन हाताशी असेल तर मार्ग आहे. सेकंडरी कॅप्पा साखळीला पकडणारी घ्या. निव्होलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब दोन्हींच्या हलक्या साखळ्या कॅप्पा आहेत, आणि एफसी-टॅगमध्ये हलकी साखळी नसतेच. पण निवड तुमच्या हातात असेल तर अशा चाचणीला सरळ हिस-टॅग मागवा.

बाकी मांडणी आमच्याकडे अशी चालते. हाय-बाइंडिंग प्लेट, पीबीएसमध्ये मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम, वेलमागे १०० मायक्रोलिटर, सील लावून रात्रभर ४ अंशाला. सकाळी ०.०५ टक्के ट्वीन-२० च्या पीबीएसने तीन वेळा धुणं, दर वेळी ३०० मायक्रोलिटर, आणि शेवटी प्लेट टिश्यूवर उलटी करून ठणकावून आपटणं. २ टक्के बीएसएने तासभर ब्लॉक, म्हणजे उरलेल्या मोकळ्या जागा भरणं. मग अँटिबॉडी, मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमपासून सुरू करून तीन-तीन पट खाली, अकरा पायऱ्या, बारावा स्तंभ कोरा. तासभर. धुणं. सेकंडरी तासभर. धुणं, या वेळी पाच वेळा. टीएमबी, थांबवायला सल्फ्युरिक आम्ल, ४५० नॅनोमीटरला वाचन. आम्ल हाताळताना चष्मा आणि हातमोजे, हे लिहायला लागू नये पण लागतं. प्लेट एसीच्या झोताखाली ठेवू नका. कडेचे वेल लवकर थंड होतात, सुकतात, आणि आलेखाच्या दोन्ही टोकांना वाकडेपणा येतो.

तीन कंट्रोल कधीही वगळू नका: कोटिंग नसलेला वेल, अँटिबॉडी नसलेला वेल, आणि पीडी-१ शी संबंध नसलेली त्याच जातीची अँटिबॉडी. या तिघांपैकी दुसरा वेल मी त्या दिवशी नीट वाचला असता तर दुसरी प्लेट लावलीच नसती.

आलेख इंग्रजी एससारखा आला पण माथा बुटका राहिला तर संशय प्लॅस्टिकवर घ्या. सतरा किलोडाल्टनचा छोटा तुकडा पॉलिस्टायरिनवर वाटेल तसा पडतो, काही पालथे, काही चपटे. पालथ्या पडलेल्याचा चेहरा अँटिबॉडीला दिसतच नाही. अशा वेळी आधी अँटी-हिस अँटिबॉडी कोट करून तिच्याकरवी पीडी-१ धरायचं, किंवा एकाच ठरावीक जागी बायोटिन असलेलं पीडी-१ घेऊन बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टाविडिनच्या प्लेटवर बसवायचं. खर्च वाढतो, पण प्रोटीन कमी लागतं आणि रेणू उभे राहतात.

पीडी-एल१ बरोबर चाचणी लावायची असेल तर अपेक्षा आधीच खाली आणा. एकेकट्या पीडी-१ आणि पीडी-एल१ ची पकड ढिली असते, डिसोसिएशन कॉन्स्टंट (आकडा मोठा तितकी पकड ढिली) ८ मायक्रोमोलरच्या आसपास. अँटिबॉडीची नॅनोमोलरच्याही खाली. हजारो पटींचा फरक. एकेरी पीडी-१ वर एकेरी पीडी-एल१ ठेवून पाच वेळा धुतलंत तर शेवटी प्लेटवर काही उरणार नाही, आणि प्रोटीन खराब आहे असा निष्कर्ष निघेल. इथे दोन हातांचं एफसीवालं कामाला येतं. एक हात सुटला तरी दुसरा धरून असतो. आधी ज्या टॅगने मला रडवलं तोच इथे लागतो. सेकंडरीचा गोंधळ टाळायला पीडी-एल१-एफसीला बायोटिन लावून स्ट्रेप्टाविडिन-एचआरपीने वाचा. आणि धुणं सगळ्या प्लेटींना एकाच हाताने, एकाच वेगाने. ढिल्या पकडीत हाताचा फरक आलेखात दिसतो. आमच्याकडे म्हणूनच ही चाचणी एका आठवड्यात एकच माणूस करतो.

नवा लॉट आला की

जुना संपत आला की नवा मागवतात, आणि जुन्याची शेवटची नळी कुणीतरी घाईत वापरून टाकतं. मग नव्यावर ईसी-५० (निम्मा परिणाम देणारी तीव्रता) दीडपट आली तर प्रोटीन बदललं, अँटिबॉडी बिघडली की करणाऱ्याचा हात बदलला, हे ठरवायला काहीच उरत नाही. जुना आणि नवा लॉट एकाच दिवशी, एकाच प्लेटवर, अर्धे-अर्धे लावा. दोन आलेख एकमेकांवर बसले तर नवा लॉट कामाला घ्या. नाही बसले तर आधी दोन्हींची तीव्रता पुन्हा मोजा. बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं. पाणी घालताना कुणीतरी चारशे घातलेलं असतं.

यासाठी त्या वीस मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्या. तेवढ्यात ४ मायक्रोग्रॅम असतं, पातळ केल्यावर दोन स्तंभ निघतात. अर्ध्या प्लेटला अशा अडीच नळ्या लागतात, म्हणून तीन तरी राखून ठेवा. त्यांच्या डबीवर मी लाल मार्करने 'हात लावू नये' असं लिहायचे. तरी नळ्या कमी व्हायच्या. आता ती डबी उणे ८० च्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या प्लाझ्माच्या खोक्यामागे असते, आणि ती कुठे आहे हे रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं आहे. तिथपर्यंत रजिस्टर वाचणाऱ्याने ती खुशाल वापरावी.